‘पडे झडे, माल वाढे’ : बालकांच्या शिरोभिघाताची कारणे आणि आपले कर्तव्य

‘पडे झडे, माल वाढे’ अशी एक म्हण आपल्या घराघरांतून ऐकू येते. मूल पडते, उठते, पुन्हा पडते आणि असे करता करताच वाढते, हा तिचा आशय. चालावयास शिकणाऱ्या बालकाच्या बाबतीत तो खराही आहे. स्वतःच्या उंचीवरून, सारवलेल्या जमिनीवर, बुडावर किंवा हातांवर पडलेल्या मुलास सहसा काही होत नाही, आणि अशा पडण्याची धास्ती घेऊन मुलास सदैव कडेवर ठेवणे हेही त्याच्या वाढीस बाधकच होय. आमचा आक्षेप म्हणीला नाही, तिच्या वापराला आहे. स्लॅबवरून पडलेले मूल, मोटारसायकलवरून फेकले गेलेले मूल, दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवरून निसटलेले तीन महिन्यांचे अर्भक, या सर्वांवर हीच म्हण पांघरली जाते. मग कारणाचा विचार होत नाही, आणि कारणाचा विचार न झाल्याने तोच अपघात पुढच्या घरात पुन्हा घडतो.

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आहे, असे आपण विद्यार्थिदशेपासून घोकत आलो. ज्वर, अतिसार, श्वास यांच्या बाबतीत आपण ते पाळतोही. अभिघाताच्या बाबतीत मात्र ‘पडला’ एवढ्या एका शब्दावर आपले हेतुविवेचन संपते. ते संपू नये, यासाठी हा लेखप्रपंच.

देवरी हा गोंदिया जिल्ह्याचा छत्तीसगडच्या सीमेस लागून असलेला, बहुतांशी वनव्याप्त आणि आदिवासीबहुल तालुका. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, म्हणजेच आताचा ५३, गावास लागूनच जातो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ग्रामीण रुग्णालय आहे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तरीही चिचगड-ककोडीकडच्या जंगलातील पाड्यावर रात्री मूल पडले, तर त्याला प्रथम पाहणारा मनुष्य बहुधा आपल्यासारखा बी.ए.एम.एस. वैद्यच असतो, किंवा त्याच्याही आधी गावातील पुजारी. गोंदिया गाठायचे की साकोली, भंडारा ओलांडून नागपूर, हा निर्णय आपल्या शब्दावर होतो. म्हणून हा विषय मोठ्या रुग्णालयातील मेंदूतज्ज्ञांचा आहे, असे म्हणून आपणांस बाजूला होता येणार नाही.

शिर हे मर्म आहे

चरकाचार्यांनी शिरास उत्तमांग म्हटले आणि हृदय व बस्ती यांच्यासह त्रिमर्मात त्याची गणना केली. सुश्रुतांनी शारीरस्थानात सांगितलेल्या १०७ मर्मांपैकी ३७ मर्मे जत्रूच्या वर आहेत. सद्यःप्राणहर अशा १९ मर्मांत अधिपती, दोन शंख व चार शृंगाटक ही शिरातील मर्मे येतात, तर पाच सीमन्तांची गणना कालान्तरप्राणहर मर्मांत आहे. सद्यःप्राणहर मर्माच्या आघाताने सात रात्रींच्या आत, आणि कालान्तरप्राणहर मर्माच्या आघाताने पंधरवड्यात अथवा महिन्याभरात मृत्यू संभवतो, असा कालनिर्देशही तेथे आहे.

या कालनिर्देशाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधीत आहोत. आजच्या शरीरविज्ञानातील प्रत्येक गोष्ट संहितेत शोधण्याचा आमचा अट्टहास नाही. तथापि शिरावरील आघाताचा परिणाम त्याच क्षणी दिसेल असे नाही, तो दिवसांनी वा आठवड्यांनीही प्रकट होऊ शकतो, हे निरीक्षण आचार्यांनी नोंदविले होते, एवढे निश्चित. कवटीच्या आतील संथ रक्तस्राव आज आपण चित्रणावर पाहतो, तो हाच धडा देतो. ‘पडल्यावर लगेच रडला, खेळला, म्हणजे सुटला’ हा लोकांचा निष्कर्ष म्हणूनच अर्धवट आहे.

त्यातही बालकाचे शिर हे प्रौढाच्या शिराची लहान प्रत नव्हे. नवजात अर्भकाच्या एकूण लांबीचा सुमारे चौथा हिस्सा डोक्याचा असतो, प्रौढात तो सातवा-आठवा राहतो. मान दुर्बल, डोके जड, त्यामुळे मूल कोठूनही पडले तरी डोके पुढे जाते. कवटीची हाडे पातळ, सेवनी न जुळलेल्या, आणि पुढची टाळू साधारणतः दीड वर्षापर्यंत उघडी. मेंदूत जलांश अधिक. उघड्या टाळूमुळे आतला दाब काही काळ सहन होतो, म्हणून लक्षणे उशिरा दिसतात. दुसरीकडे, बालकाच्या शरीरात रक्त मुळातच थोडे, दर किलो वजनास सुमारे ८० मिलिलिटर. चार किलोच्या अर्भकात ते सव्वातीनशे मिलिलिटरही भरत नाही. टाळूच्या त्वचेखाली किंवा कवटीत साचलेले थोडे रक्तही त्याला पांढरे पाडण्यास पुरेसे होते.

वयोमानानुसार कारणे

पहिल्या चार महिन्यांतील मूल स्वतः पडत नाही, त्याला कोणीतरी पाडते. हे वाक्य कठोर वाटेल, परंतु चिकित्सकाने ते लक्षात ठेवावे. हातातून निसटणे, झोळीची गाठ सुटणे, पाळण्याची झिजलेली दोरी किंवा कडी तुटणे, मोठ्या भावंडांनी झोळीला जोराने झोके देणे, ही या वयातील कारणे. न्हाऊ घालताना तेलाने निसरड्या झालेल्या अर्भकास दोन्ही पाय धरून उलटे झुलविण्याची प्रथा काही घरांत आजही आहे. सुश्रुतांनी बालकास त्याच्या शरीरास सुख होईल असे धरावे, दरडावू नये, एकाएकी जागे करू नये, एकाएकी ओढून घेऊ नये वा वर उडवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. परंपरा म्हणून जी झुलवाझुलवी चालते, तिला शास्त्राचा आधार नाही, हे आपणच सांगावयास हवे. आपण सांगितले तर आजीबाई ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

चार ते दहा महिन्यांचे मूल पालथे पडते, रांगते, बसते. या वयात खाटेवरून, पलंगावरून पडण्याचे प्रमाण मोठे. येथे आमच्या भागातील घरांत झालेला बदल ध्यानात घेतला पाहिजे. मातीच्या भिंतींच्या, कवेलूंच्या घरात जमीन शेणाने सारवलेली असे आणि मूल बहुधा खालीच गोधडीवर निजे. आता सिमेंटची जमीन किंवा गुळगुळीत फरशी आली, उंच दिवाण आला, आणि मूल मान्यतेने वर चढले. पडण्याची उंची वाढली आणि खालची जमीन कठीण झाली. काश्यपसंहितेत आणि वाग्भटांच्या ग्रंथांत उपवेशन संस्कार सांगताना बालकास भूमीवर बसविण्यास सांगितले आहे, खुर्चीवर वा ओट्यावर नव्हे. अशक्त बालकास अकाली बसवू नये हेही सुश्रुतांनी बजावले आहे. निजणाऱ्या मुलास एकटे सोडावयाचे असेल तर जमिनीवर सोडावे, हा सल्ला देण्यास एक पैसाही लागत नाही.

दहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे मूल चढते. त्याला चढता येते, उतरता येत नाही. घरकुल योजनांतून गावोगावी पक्की घरे झाली ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु पैसा संपला की राहून जातात त्या दोन गोष्टी म्हणजे जिन्याचा कठडा आणि स्लॅबची भिंत. धान वाळत घालण्यास, मोहफुले पसरण्यास आई स्लॅबवर जाते, मूल तिच्या मागे जाते. कठडा नसलेली विहीर, उभी असलेली बंडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, भिंतीस नीट न ठोकलेले टीव्हीचे टेबल जे मुलाने ओढताच त्याच्याच डोक्यावर येते, ही पुढची नावे. सुश्रुतांनी बालकाचे ज्यांपासून रक्षण करावे अशा गोष्टींत निम्नस्थाने, म्हणजे खोल जागा, आणि ओसाड घरे यांचीही गणना केली आहे. खेळणी जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जाणारी नसावीत, असे चरकाचार्य सांगतात. बालसुरक्षा हा विषय पाश्चात्त्यांकडून आलेला नाही.

या सर्वांच्या मुळाशी एक कारण आहे, ज्याकडे आपण पाहतच नाही. रोवणीच्या दिवसांत आई बांधीत वाकलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये ती पहाटेच मोहफुले वेचावयास जाते, मे महिन्यात तेंदूपाने तोडावयास. मूल राहते सात-आठ वर्षांच्या बहिणीपाशी. अंगणवाडीतील शाळापूर्व वर्ग तीन वर्षांवरील मुलांसाठी, त्याखालच्या मुलास दिवसभर सांभाळणारी जागा गावात नाही. अशा मुलीच्या हातून अर्भक पडले की मार तिला बसतो. आमच्या मते हा अपराध त्या मुलीचा नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास ती सांभाळण्यासाठी एका स्त्रीस नेमण्याची तरतूद होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदू व बांबू यांवरील हक्क ग्रामसभांकडे आला आहे. ज्या ग्रामसभा स्वतः तेंदू संकलन करतात, त्यांनी त्या हंगामापुरती तरी एका वृद्ध स्त्रीस मजुरी देऊन गावातील तान्ही मुले सांभाळण्यास ठेवली, तर किती डोकी वाचतील, याचा विचार आपल्यापैकी ज्यांचे ग्रामसभेत वजन आहे त्यांनी मांडावा.

पांगुळगाडा आणि वॉकर

बाजारात मिळणारा चाकांचा वॉकर आता तालुक्याच्या दुकानांतूनही दिसतो, आणि बारशात भेट म्हणून येतो. मूल मध्ये बसते, पाय टेकवून ढकलते, आणि एका सेकंदात तीन फूट अंतर कापते. समोर पायरी आली की वॉकरसह खाली जाते. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवर बंदी घातली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही बंदीची मागणी केली आहे. वॉकरने मूल लवकर चालते, ही समजूत निराधार असून उलट विलंबच संभवतो.

आपल्यातील काही जण यावर काश्यपसंहितेतील त्रिचक्र फक्करथाचा दाखला देतात. हा दाखला नीट तपासला पाहिजे. फक्करथ सांगितला आहे तो फक्करोगाच्या चिकित्सेत, म्हणजे वर्ष उलटूनही जे बालक पायांनी चालत नाही त्याच्यासाठी. निरोगी सात महिन्यांच्या मुलास त्यात घालण्यास आचार्यांनी सांगितलेले नाही. आपल्याकडच्या लाकडी पांगुळगाड्यातही मूल उभे राहून, दांडी धरून, स्वतःच्या पायांवर भार घेऊन चालते. त्यात ते बसत नाही, आणि गाडा त्याच्यापुढे पळाला तर ते बुडावर बसते. या दोन वस्तूंत नावापुरतेही साम्य नाही. आयुर्वेदाच्या नावावर वॉकर विकला जात असेल, तर त्यास पहिला विरोध आपण केला पाहिजे.

रस्ता

महामार्गाकाठच्या गावांत आणखी एक दृश्य नित्याचे. मोटारसायकलवर पुढे टाकीवर एक मूल, मध्ये एक, आणि मागे आईच्या मांडीवर तान्हे. बापाच्या डोक्यावर हेल्मेट असलेच तर तेवढेच एक. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. चार वर्षांखालील मुलास दुचाकीवर नेताना ते चालकास पट्ट्याने बांधलेले असावे, नऊ महिन्यांवरील मुलास त्याच्या मापाचे हेल्मेट असावे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत असावा, असा नियम झाला व एका वर्षानंतर तो लागू झाला. आमच्या तालुक्यात हा नियम माहीत असलेला पालक आम्हांस क्वचितच भेटला. लसीकरणास मूल घेऊन येणाऱ्या पित्यास हे सांगण्यास दोन मिनिटे लागतात.

जे कारण सांगितले जात नाही

एका कारणाविषयी लिहिताना लेखणी अडखळते, परंतु लिहिणे भाग आहे. सतत रडणाऱ्या अर्भकास संतापाच्या भरात दोन्ही बाहूंनी धरून गदागदा हलविल्याने मेंदूभोवतीच्या शिरा तुटतात, मेंदूच्या आवरणाखाली व नेत्राच्या आत रक्तस्राव होतो. ब्रिटनमधील शल्यतज्ज्ञ गुथकेल्च यांनी १९७१ मध्ये आणि अमेरिकेतील कॅफी यांनी त्यानंतरच्या काही वर्षांत हे मांडले. बाहेरून एकही जखम नसते. मूल दूध ओढत नाही, वांत्या करते, गुंगीत जाते, झटके येतात. आपल्याकडे त्यास अपचन म्हणतात, आकडी म्हणतात, नजर म्हणतात. अर्भकाचे रडणे साधारण दीड-दोन महिन्यांच्या वयात कमाल पातळीवर असते आणि नंतर आपोआप उतरते. हे आधी सांगितलेले असेल तर दमलेल्या आईबापांचा धीर टिकतो. रडणे असह्य झाले तर मुलास जमिनीवर सुरक्षित ठेवून आपण चार पावले दूर जावे, हा सल्ला प्रत्येक बाळंतिणीच्या घरी द्यावा. पाळण्याच्या वा झोळीच्या हलक्या झोक्याने असे होत नाही, हेही सांगावे, म्हणजे विनाकारण भय पसरणार नाही.

सांगितलेली हकीकत आणि दिसणारी इजा यांचा मेळ बसतो का, हे पाहणे आपले काम आहे. दोन महिन्यांचे मूल ‘स्वतःच लोळून पडले’, किंवा आई एक सांगते आणि आजी दुसरेच, किंवा जुन्या-नव्या इजा एकत्र दिसतात, तेव्हा दरडावू नये, आरोप करू नये, पण मोठ्या रुग्णालयात पाठविण्यावाचून राहूही नये. १०९८ हा बालकांच्या साहाय्याचा क्रमांक आपल्या भिंतीवर असावा.

याउलट, एकाही आघाताविना रक्तस्राव होतो, हेही विसरू नये. घरी जन्मलेल्या, जन्मतः व्हिटॅमिन के चे इंजेक्शन न मिळालेल्या, केवळ स्तन्यपान करणाऱ्या दोन ते बारा आठवड्यांच्या बालकात कवटीत अचानक रक्तस्राव होऊ शकतो. तेथे आईवर संशय घेणे हा अन्याय ठरेल. जन्मस्थान आणि ते इंजेक्शन यांविषयी प्रश्न विचारल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

आपण काय करावे, काय करू नये

पडलेले मूल आले की पाच प्रश्न विचारून लिहून ठेवावेत : किती उंचीवरून, कशावर, कोणी पाहिले, पडल्यावर मुलाने प्रथम काय केले, आणि किती वेळ झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४२ हजारांहून अधिक बालकांवरील अमेरिकन अभ्यासाने दोन वर्षांखालील मुलांसाठी जी धोक्याची चिन्हे निश्चित केली, ती यंत्राविना तपासता येतात. मूल नेहमीसारखे नाही असे आईचे म्हणणे, शुद्धीत फरक, पाच सेकंद वा अधिक काळ बेशुद्धी, कपाळ सोडून डोक्यावर अन्यत्र टेंगूळ, बोटांना जाणवणारा हाडाचा खळगा, आणि तीन फुटांहून अधिक उंचीवरून पडणे किंवा तीव्र आघात, ही ती चिन्हे. यांपैकी एकही नसेल तर गंभीर इजेची शक्यता अत्यल्प, आणि प्रत्येक मुलाचे सीटी स्कॅन करण्याचे कारण नाही. शुद्धीत फरक असेल किंवा खळगा जाणवत असेल, तर क्षणाचाही विलंब नको. अन्य चिन्हांत तज्ज्ञांच्या निरीक्षणाखाली मूल ठेवावे. वारंवार वांत्या, झटके, फुगलेली टाळू, वाढता पांढरेपणा, नाकाकानातून रक्त वा पाण्यासारखा स्राव असेल, तर मलमपट्टीत वेळ न दवडता मान स्थिर ठेवून पाठवावे. फुगलेल्या टाळूस ‘टाळू बसली’ समजून तेल भरीत बसणे घातक होय.

आपल्या पद्धतीच्या संदर्भात तीन निषेध आम्ही आवर्जून सांगतो. शिरोभिघातात नस्य व कर्णपूरण करू नये, कारण आवरण फाटलेले असल्यास बाहेरचे द्रव्य आत जाते. टेंगूळ चोळू नये, अभ्यंग करू नये. मूल शांत व्हावे म्हणून गुंगी आणणारे कोणतेही औषध देऊ नये, कारण गुंगी हेच आपले प्रमुख लक्षण आहे आणि ते औषधाने झाकले जाते. मूल झोपले तर झोपू द्यावे, परंतु अधूनमधून हळुवार जागवून पाहावे. पुजाऱ्याकडे जाणाऱ्यांशी वाद घालू नये. ‘अंगारा लावा, पण गाडीत बसल्यावर लावा’ एवढे म्हटले तरी काम होते.

आपल्या संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने वर्षभर अशा रुग्णांची एक साधी नोंद ठेवावी, असा आमचा प्रस्ताव आहे. नाव नको, गाव नको, केवळ वय, कारण, उंची, जमीन आणि परिणाम. आशा सेविका तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात घरी जातात. आपल्या नोंदींतून त्या त्या वयाचे जे कारण पुढे येईल, ते त्या भेटीत सांगावयास त्यांना देता येईल. कोणत्या गावात जिन्यांवरून मुले पडतात आणि कोणत्या गावात झोळीतून, हे आज कोणालाच माहीत नाही, आणि ते समजून घेण्याइतके जवळ आपल्याखेरीज दुसरे कोणी नाही. पुढील त्रैमासिक बैठकीत या नोंदीचा नमुना ठरवावा, अशी वैद्यबंधु-भगिनींना आमची विनंती आहे. येत्या तेंदू हंगामापूर्वी तो हाती आला, तर पहिले वर्ष वाया जाणार नाही.